चार रविवारांचे दगड

कुठलाही दगड हातात आला की कंट्रोलर आधी तो चाटायचे. धुणं नाही, पुसणं नाही. अंगठ्याने वरची माती जरा बाजूला सारायची, जिभेचं टोक लावायचं आणि तो ओला डाग समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. "बघा, शेवटी असा दिसणार." समोरचा माणूस दगडाकडे बघायचाच नाही. तो कंट्रोलरांच्या जिभेकडे बघत राहायचा.

माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हाही हेच झालं. शहापूरच्या बाजारात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, शेतावरचे पंप, जे जळेल ते माझ्याकडे येतं. वाऱ्याने दार लागू नये म्हणून मी पायरीशी एक दगड ठेवलेला असे. त्यांनी पिशवीतून वॉशिंग मशीनची जुनी मोटार काढून काउंटरवर ठेवली, खाली वाकून तो दगड उचलला आणि माझ्यादेखत त्याला जीभ लावली. त्या दगडावर बाजारातल्या सगळ्या कुत्र्यांचा हक्क आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. आत लाल आहे."

आता असा माणूस दारात आला तर तुम्ही काय कराल? मी मोटार खोलून बघायला घेतली. वेड्याशी वाद घालण्यापेक्षा त्याची मोटार बघितलेली बरी.

वेडे मात्र ते नव्हते. मुरबाडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली पंक्चर होऊन सरळगावला अडकली, हे माईकवरून सांगायचं काम. दिवसभर खिडकीसमोर माणसांची रांग. म्हशाची गाडी कधी, टोकावड्याची गेली का, धसईची येणार की नाही. तीस-पस्तीस वर्षं असं चौकशांच्या माऱ्यात काढल्यावर एक दिवस हार-नारळ देऊन त्यांना घरी पाठवलं, आणि त्या दिवसानंतर त्यांना कोणी काही विचारेना. बायको आधीच गेली होती. मुलगा बंगळुरूला. शहापुरात आसनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी, आणि एकटे कंट्रोलर.

मुलाने मोबाइल घेऊन दिला होता. त्यावर बघताना त्यांना कळलं की परदेशात लोक घरबसल्या दगड पॉलिश करतात. दगड, पाणी आणि घासायची पूड एका ड्रममध्ये घालून तो आडवा, हळूहळू फिरवत ठेवायचा. दगड दगडावर घासत राहतात. नदी जे शेकडो वर्षांत करते, ते महिन्याभरात होतं. कंट्रोलरांना ही गोष्ट इतकी आवडली की ते ती मला तीनदा सांगून गेले.

ड्रम आम्ही दोघांनी मिळून केला. जाड पाइपाचा तुकडा, दोन्ही बाजूंना बुचं, आत सायकलच्या ट्यूबचं अस्तर. खाली बेअरिंगवर फिरणारे दोन दांडे. पूड मिळाली लादी घासणाऱ्यांकडून. मोटारीला वेग फार होता, तो कमी करण्यात माझे बरेच दिवस गेले. "हळू पायजे," ते म्हणायचे. "बाई जातं ओढते ना, तेवढंच." पहिल्यांदा तो नीट फिरायला लागला तेव्हा ते ओटीवर उकिडवे बसून बघत राहिले. मी निघालो तेव्हाही तसेच बसले होते. मला म्हणाले, "फिरतंय. फिरू द्या."

ते वाक्य पुढे मी इतकं ऐकलं की आमच्या दुकानात ती म्हणच झाली. फिरतंय, फिरू द्या.

या कामाचा नियम असा. पहिल्या रविवारी दगड जाड पुडीत टाकायचे. दुसऱ्या रविवारी काढून, धुऊन मधल्या पुडीत. तिसऱ्या रविवारी मैद्यासारख्या बारीक पुडीत. चौथ्या रविवारी पॉलिशच्या पावडरीत. त्यानंतर आठवड्याने दगड हातात. मधे ड्रम उघडायचा नाही. आणि एका पुडीतून दुसरीत नेताना दगड असा धुवायचा की जाड पुडीचा एक कणसुद्धा मागे राहता कामा नये. एक कण राहिला तर शेवटच्या आठवड्यात तो सगळ्यांना ओरखडून ठेवतो. कंट्रोलर मोरीत बसून प्रत्येक दगड दात घासायच्या ब्रशने घासायचे. राखाडी गाळ मोरीत ओतायचा नसतो, हे त्यांना कळलं तेव्हा मोरी तुंबली होती. तो गाळ आत सिमेंटसारखा बसला होता. प्लंबर हातोडी-छिन्नी घेऊन आला आणि जाताना त्यांना देवाधर्माकडे लक्ष द्यायला सांगून गेला. 

ड्रमचा आवाज चोवीस तास चालायचा. घळघळ, खडखड, घळघळ. मला वाटायचं, या आवाजात माणूस राहतो कसा. एकदा मी दुपारचा गेलो तर ते ओटीवर पथारी टाकून गाढ झोपले होते, उशाला ड्रम. तेवढ्यात लाइट गेली. ड्रम थांबला आणि ते दचकून उठून बसले. "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, लाइट गेली. तेव्हा म्हणाले, "घर एकदम गप झालं की मला जाग येते." त्यांनी ते सहज सांगितलं.

आता खरी गोष्ट सांगतो. घरी आलेल्या कोणालाही ते दगड घेतल्याशिवाय सोडत नसत. ओटीच्या कडेला ढीग असायचा. काळू नदीतले, भातसेतले, माळशेजकडचे, हायवेच्या खोदकामातले. "यातला एक निवडा. तुमच्या हाताने या बादलीत टाका, रविवारी ड्रममध्ये जाईल." पोस्टमन असो, गॅसवाला असो, मीटर बघायला आलेला असो. त्याने दगड टाकला की कंट्रोलर त्याला चारही रविवार समजावून सांगायचे. "पुढच्या रविवारी या. कोपरे गेलेले दिसतील. त्याच्या पुढच्या रविवारी रंग दिसेल." प्रत्येकजण म्हणायचा, येतो की. मीसुद्धा म्हणालो होतो.

कोणाला कशाला वेळ असतो हो? रविवारी माणूस बाजार करील, मटण आणील, की दुसऱ्याच्या घरी दगड धुवायला बसेल? पण कंट्रोलर रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. ओटीवर दोन खुर्च्या मांडायचे. चहाचं आधण ठेवलेलं असायचं. अकरापर्यंत वाट बघायचे, मग एकट्यानेच ड्रम उघडायचे. हे मला माहीत आहे, कारण पट्टा तुटला, बेअरिंग वाजतंय, अशा निमित्ताने ते मला रविवारीच बोलवायचे. पट्टा बहुतेक वेळा धडधाकट असायचा. मी तो उगाच काढून परत बसवायचो आणि चहा प्यायचो.

तयार दगड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांतून ठेवलेले असत. "हा पोस्टमनचा. हा मीटरवाल्याचा, त्याची बदली झाली वाटतं." कोणाचा दगड कुठला, हे ते कधी चुकायचे नाहीत. दगड झाला की ते फोन करायचे, तोही स्टँडवरच्या थाटात. "तुमची गाडी फलाटाला लागलीय. घेऊन जा." लोक हसायचे आणि म्हणायचे, येतो. डबे वाढत गेले.

एका वर्षी ते म्हशाच्या जत्रेत डबे घेऊन गेले. मलाही ओढलं. घोंगडीवाला आणि बांगडीवाली यांच्या मधे चादर अंथरून त्यांनी दगड मांडले. उन्हात ते दगड असे चमकत होते की मीच बघत राहिलो. लाल, मधासारखे, दुधी, काळ्यावर पांढरी रेघ असलेले. लोक थांबायचे. "ह्यो कंच्या राशीचा?" कंट्रोलर सांगायचे, राशीचा नाही, आपल्या काळू नदीचा. "केवढ्याला?" फुकट. फुकट म्हटल्यावर माणसं दोन पावलं मागे सरायची. त्यात यांची अट, दगड घ्यायचा तर एकदा घरी येऊन ड्रम बघून जायचा. मग तर काय, हा बाबा गळ्यात काहीतरी मारतोय अशी सगळ्यांची खात्रीच झाली. एक जण बैल घेऊन उभा होता. त्याने खूप वेळ विचार करून विचारलं, "बैलाच्या गल्यात बांदला तं चालंल का?" कंट्रोलर म्हणाले, "चालंल. पण बैलाला घेऊन या एकदा." तोही आला नाही.

परतीच्या जीपमध्ये ते डबे मांडीवर घेऊन बसले होते. मुरबाड आल्यावर म्हणाले, "स्टँडवर असताना लोक शिव्या घालायला का होईना, पण यायचे."

त्यांच्या ओटीवर गर्दी मी एकदाच बघितली. ती कशी झाली ते ऐका.

डोळखांबच्या वाटेवर एका गावाजवळ नदीकाठी ते दगड वेचायला गेले होते. तिथे एका उंबराच्या मुळीच्या बेचक्यात त्यांना एक तांबूस, टोकदार दगड दिसला. कोणीतरी मुद्दाम ठेवल्यासारखा. या भागात दगडाची पारख असलेला आणखी कोणी आहे, या विचाराने कंट्रोलर खूश झाले. त्यांनी तो चाटला, पिशवीत टाकला आणि रविवारी ड्रममध्ये सोडला.

आता तुम्हाला ठाऊक असेल, पण नसलं तर सांगतो. चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरताना ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात, त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो असं मानतात. खडा घरात आणत नाहीत, म्हणून नदीकाठी कुठेतरी जपून ठेवतात. दहाव्याला त्यावर तिळाचं पाणी सोडायचं, मग तो नदीत. हरवला तर मोठी पंचाईत.

त्याच आठवड्यात एका सकाळी खरंच पट्टा तुटला होता, म्हणून मी तिथे होतो. नवीन पट्टा चढवून ड्रम सुरू केला, तेवढ्यात दारात टेम्पो येऊन थांबला. दहा-पंधरा माणसं उतरली. पुढे होता त्याचं डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. मागे बाया, त्यांत एक म्हातारी, कपाळ कोरं. कंट्रोलरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "या, या. बसा." ते आत खुर्च्या आणायला वळले.

भादरलेला म्हणाला, "आमचा बाप कुठंय?"

कंट्रोलर थांबले. "कोण?"

"उंबराच्या मुळीत ठेवलेला खडा. गुराख्यानं पायलंय तुमाला. शापूरचा दगड चाटनारा म्हातारा बोलला तो. भट नदीवर बसलाय, आनी आमचा बाप नाय जागेवर."

ओटीवर ड्रम फिरत होता. घळघळ, खडखड. कंट्रोलरांनी त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ते फिरतायत."

मला त्या क्षणी हसू आलं असतं तर मार खाल्ला असता. मी ओठ आवळून मोटार बंद केली. मधे कधी न उघडणारा ड्रम त्यांनी उघडला. आत राखाडी चिखल आणि त्यात सगळे दगड एकाच रंगाचे. त्यांनी ते परातीत ओतले आणि एकेक धुवायला घेतला. घाईत ब्रश दोनदा पडला. शेवटी तांबूस दगड निघाला. त्याची टोकं गेली होती.

भादरलेला मुलगा तो हातात घेऊन म्हणाला, "ह्यो आमचा नाय. आमच्याला कोपरा व्हता, ह्यो येवडा."

कंट्रोलर परातीजवळून उठले. त्यांनी हात जोडले होते आणि त्या जोडलेल्या हातांतून गाळ कोपरापर्यंत ओघळत होता. कोणीतरी मागून म्हणालं की पोलिसात द्या याला. तेव्हा म्हातारी पुढे आली. तिने खडा मुलाच्या हातातून घेतला, पदराने पुसला, मुठीत धरला.

"ह्योच हाय," ती म्हणाली. "जिता व्हता तवा लय टोचायचा. आता बरा झालाय."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग एक सून तोंडाला पदर लावून हसली, आणि मग सगळेच. भादरलेला मुलगाही हसला आणि हसता हसता रडायला लागला. कंट्रोलर म्हातारीसमोर उभे राहिले. त्यांना खरं बोलल्याशिवाय चैन पडेना. "मावशी, माफ करा. मी त्याला जीभ पण लावली."

"मंग कडूच लागला आसंल," म्हातारी म्हणाली. "चला आता तुमीपन. हात लावलाय तं पानी सोडाया चला."

ते टेम्पोत बसून गेले. मीही गेलो. नदीवर त्यांनी घरच्यांच्या मागे रांगेत उभं राहून त्या खड्यावर पाणी सोडलं. खडा नदीत गेला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांचेही डोळे भरले. परतताना त्यांनी मला विचारलं, "माझा खडा कोण सांभाळील हो?" मी म्हटलं, तुमचा मुलगा आहे की. ते म्हणाले, "त्याला दगडाची आवड नाय." आणि बाहेर बघत बसले.

त्यानंतर म्हातारी यायला लागली. शहापूरच्या बाजारात ती रानभाजी, कंटोळी, नाचणी असं घेऊन बसायची. माल संपला की टोपली काखेत मारून कंट्रोलरांच्या ओटीवर. तिनेही एक दगड टाकला. चारही रविवार आलेलं माणूस मी तरी ते एकच बघितलं. खुर्चीवर ती कधी बसली नाही, खाली पाय पसरून बसायची आणि ब्रशने दगड घासता घासता मेलेल्या नवऱ्याच्या तक्रारी सांगायची. कंट्रोलर ऐकायचे. मधेच म्हणायचे, "मावशी, त्या कोपऱ्यातली पूड राहिली." दगड झाला तो तिने तांदळाच्या मडक्यात ठेवला आणि लगेच दुसरा टाकला. तो दुसरा ड्रममध्ये असतानाच कंट्रोलर मोरीत पडले. गाळ निसरडा असतो. मांडीचं हाड मोडलं.

बंगळुरूहून मुलगा आला. चांगला मुलगा आहे, मी त्याला दोष देणार नाही. रजा काढून आला, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसला आणि म्हणाला, आता इथे एकटं ठेवायचं नाही. ते बरोबरच होतं. ड्रम मात्र त्याच्या फ्लॅटवर चालणार नव्हता, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील म्हणून. ड्रम माझ्या दुकानात आला, ढिगासकट, डब्यांसकट. गाडीत बसताना कंट्रोलरांनी माझा हात धरला. "मावशींचा दगड आहे आत. बंद करू नका." मी म्हटलं, फिरतंय, फिरू द्या. ते हसले नाहीत.

बंगळुरूहून फोन यायचा. "फिरतंय का?" मी मोबाइल ड्रमजवळ धरायचो. ते बराच वेळ ऐकायचे. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी ड्रमला फोन लावून उभा. एकदा म्हणाले, "इथं दगडच नाय हो. खाली उतरलं तरी सगळीकडे फरशी." आणखी एकदा विचारलं, मावशी येतात का. मी म्हटलं, दर रविवारी येतात, तुमची चौकशी करतात. ते खरं होतं, पण त्यांना ते खोटं वाटलं असावं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

मग फोन येईनासे झाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या नंबरवरून मुलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. होऊन पंधरवडा झाला, कळवायचं राहिलं. त्याचा आवाज भरून आला होता. विद्युतदाहिनीत नेलं, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं, म्हणाला. मी विचारलं, "आणि खडा?"

"कसला खडा, काका?"

मी म्हटलं, काही नाही.

त्या रविवारी मला दुकान उघडावंसं वाटत नव्हतं. पण म्हातारी येणार हे माहीत होतं, म्हणून उघडलं. ती आली, टोपली खाली ठेवली. मी तिला सांगितलं. ती पायरीवर बसली. टोपली पुढ्यात ओढून म्हणाली, "खडा कोनी ठेवलाय?"

"नाही ठेवला, मावशी. तिकडे तसं काही केलं नाही."

"आसं कसं रे? मंग जीव बसंल कुठं त्याचा?"

ती उठली, दुकानामागे ठेवलेल्या ढिगाशी गेली आणि वाकून दगड उचलून उचलून बघायला लागली. मी तयार दगडांचा एक डबा तिच्यापुढे धरला. तिने तो हाताने बाजूला केला. "न्हाय. न फिरवलेला पायजे." खूप वेळ लावून तिने एक निवडला. काळाच, साधा, आपल्या कोणत्याही माळावर मिळेल असा. तो पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"दिवस तर होऊन गेले, मावशी."

"आजपासनं धरू. आमच्या उंबराखाली ठेवते, माजी नजर राहील." तिने टोपली उचलली. "दहाव्याला ये रे दादा. मी बाईमानूस, एकटीला कोन पानी सोडू देल. येशील ना?"

येतो म्हणालो. ती डोळखांबच्या जीपकडे चालायला लागली, एका हाताने पदराची गाठ धरून.

दहाव्याला मी दुकान बंद ठेवलं आणि गेलो.